पॅकेजच्या आत की बाहेर?

या खेपेला आलेली बहुतेक पत्रं ॲप्लिकेशन व्हर्च्युअलायझेशनबद्दलची आहेत. ज्यांचा याच्याशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एखादं सॉफ्टवेअर नेहमीसारखं इन्स्टॉल केलं की ते विंडोजभर पसरतं. थोडं प्रोग्राम फाइल्समध्ये, थोडं रजिस्ट्रीत (विंडोज आपली सेटिंग ठेवतं ती नोंदवही), दोन-चार डीएलएल म्हणजे मदतनीस फायली सिस्टिम फोल्डरमध्ये. व्हर्च्युअल केलेलं सॉफ्टवेअर असं पसरत नाही. ते एका पॅकेजमध्ये बांधलेलं असतं, स्वतःची रजिस्ट्री आणि स्वतःची फाइल सिस्टिम घेऊन चालतं, आणि आपण रीतसर इन्स्टॉल झालोय असंच त्याला वाटत राहतं. या बंदिस्त जागेला आम्ही मंडळी बबल म्हणतो. मायक्रोसॉफ्टचं ॲप-व्ही हे यातलं सगळ्यात रुळलेलं साधन. मूळचं ते सॉफ्टग्रिड, २००६ साली सॉफ्ट्रिसिटी कंपनी विकत घेतल्यावर मायक्रोसॉफ्टकडे आलं. पत्रं सगळी त्याच्याबद्दलच आहेत.

माझ्याकडे तक्रार आली की मी पहिला प्रश्न एकच विचारते: बिघडलेली गोष्ट पॅकेजच्या आत आहे की बाहेर? खालची उत्तरं वाचताना तुम्हालाही तो परत परत भेटेल.

प्रश्न: मॅडम, मी कार्यालयात एकटाच आयटी सांभाळतो. रिपोर्टिंगच्या सॉफ्टवेअरचं पॅकेज तयार केलं, एका कर्मचाऱ्याच्या संगणकावर पॉवरशेल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून ॲड केलं, पब्लिश केलं. कुठलीही एरर नाही. मी बघतो तेव्हा आयकॉन दिसतो, पण त्या बाई लॉग-इन करतात तेव्हा त्यांच्या डेस्कटॉपवर काहीच नसतं. पॅकेज परत बनवू का?

उत्तर: पॅकेजला हात लावू नका, ते बिचारं ठीक आहे. तुम्ही पॉवरशेल ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडलंत आणि तिथे तुमच्या ॲडमिन खात्याचा पासवर्ड दिलात. बरोबर ना? मग पॅकेज पब्लिश झालं ते त्या ॲडमिन खात्याला. बाईंचं खातं वेगळं, त्यांच्यापर्यंत ते पोचलंच नाही.

ॲप-व्हीत या दोन पायऱ्या वेगळ्या आहेत. ॲड म्हणजे मशीनला पॅकेजची ओळख करून देणं. पब्लिश म्हणजे ते कुणाला तरी देणं. आणि कुणाला ते सांगितलं नाही, तर ज्याच्या नावाने खिडकी उघडी आहे त्यालाच मिळतं. मशीनवर बसणाऱ्या प्रत्येकाला द्यायचं असेल तर पब्लिश-ॲपव्हीक्लायंटपॅकेज या कमांडला ‘ग्लोबल’ हा स्विच जोडा. त्याला ॲडमिन हक्क लागतात, ते तुमच्याकडे आहेतच.

खात्री करायला गेट-ॲपव्हीक्लायंटपॅकेज ही कमांड ‘ऑल’ लावून चालवा. जी यादी येते तिच्यात ‘इज पब्लिश्ड टू युजर’ आणि ‘इज पब्लिश्ड ग्लोबली’ अशा दोन नोंदी वेगवेगळ्या दिसतात. ॲडमिन खिडकीत पहिली ‘ट्रू’ दिसली म्हणून हुरळून जाऊ नका, तो ‘युजर’ तुम्हीच आहात.

जाता जाता एक. उद्या दुसऱ्या एखाद्या मशीनवर या कमांड ओळखल्याच गेल्या नाहीत, तर आधी विंडोजची एडिशन बघा. विंडोज १०च्या १६०७ आवृत्तीपासून ॲप-व्हीचा क्लायंट, म्हणजे मशीनवर पॅकेजं चालवणारा भाग, विंडोजमध्येच येतो, वेगळा टाकावा लागत नाही, पण तो फक्त एंटरप्राइज आणि एज्युकेशन एडिशनमध्ये. प्रो असेल तर पुढे काही शोधण्यात अर्थ नाही. एंटरप्राइज असूनही चालत नसेल, तर एनेबल-ॲपव्ही ही कमांड द्यायची राहिली असेल, कारण क्लायंट मुळात बंदच असतो.

प्रश्न: आमच्याकडे हिशेब विभागात एका सॉफ्टवेअरचं पॅकेज दोन वर्षं सुरळीत चालू होतं. कंपनीने नवीन आवृत्ती दिली म्हणून आमच्या सहकाऱ्याने नवं पॅकेज करून सगळीकडे पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर फोन. सॉफ्टवेअर उघडतंय, पण प्रत्येकाची सेटिंग गेलेली: डेटाबेसचा पत्ता, कॉलमची मांडणी, नेहमीचे रिपोर्ट, सगळं कोरं. असं का झालं? आणि एरवीही काही जणांची सेटिंग टिकतात, काहींची टिकत नाहीत, त्याचं गणित काय?

उत्तर: हा प्रश्न विचारलात ते फार बरं केलंत. पॅकेज करणाऱ्या निम्म्या लोकांना हे माहीत नसतं आणि सेटिंग गेली की बोट सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडे दाखवलं जातं.

प्रत्येक ॲप-व्ही पॅकेजला दोन ओळखक्रमांक असतात. एक पॅकेज आयडी, दुसरा व्हर्जन आयडी. दोन्ही त्या लांबलचक, कंसातल्या, डोळे दुखवणाऱ्या जीयूआयडी. सीक्वेन्सरमध्ये, म्हणजे पॅकेज बनवायच्या साधनात, जुनं पॅकेज उघडून ‘अपडेट’ केलंत तर पॅकेज आयडी तोच राहतो, फक्त व्हर्जन आयडी बदलतो. तुमच्या सहकाऱ्याने नवं कोरं पॅकेज केलं, म्हणजे पॅकेज आयडीच नवा. आता कर्मचारी बबलमधल्या सॉफ्टवेअरमध्ये जे बदल करतो ते कुठे जातात ते बघा. मूळ पॅकेज कुणालाही बदलता येत नाही, ते सगळ्यांसाठी एकच असतं. म्हणून ज्या नोंदीला हात लागतो तिची एक प्रत कर्मचाऱ्याच्या प्रोफाइलमध्ये बनते आणि पुढचं लिहिणं त्या प्रतीत होतं. रजिस्ट्रीतले बदल त्याच्या स्वतःच्या रजिस्ट्रीत, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, ॲप-व्ही, क्लायंट, पॅकेजेस या वाटेने गेलं की सापडतात. फायलींमधले बदल त्याच्या प्रोफाइलमधल्या ॲपडेटा फोल्डरच्या आत, व्हीएफएस (व्हर्च्युअल फाइल सिस्टिम) नावाच्या फोल्डरमध्ये. आणि दोन्ही ठिकाणी खालच्या फोल्डरचं नाव काय? पॅकेज आयडी. तो बदलला की नवं सॉफ्टवेअर नव्या नावाचं फोल्डर शोधतं, तिथे काहीच नसतं, आणि ते पहिल्यांदाच उघडल्यासारखं वागतं. जिथे जुनं पॅकेज अजून पब्लिश आहे तिथे घाईने नवं चढवू नका. जुनीच पॅकेज फाइल सीक्वेन्सरमध्ये उघडा आणि तिच्यात नवी आवृत्ती अपडेट म्हणून घाला.

पॅकेज फाइलचा पॅकेज आयडी बघायला सीक्वेन्सरही लागत नाही. ॲप-व्ही फाइल ही आतून झिपच असते. तिची प्रत करा, प्रतीचं एक्स्टेन्शन झिप करा आणि उघडा. आत मॅनिफेस्ट नावाची एक्सएमएल फाइल दिसेल, ती नोटपॅडमध्ये उघडली की दोन्ही आयडी समोर. शेजारीच रजिस्ट्री डॉट डॅट आहे, म्हणजे पॅकेजची आख्खी रजिस्ट्री, आणि रूट फोल्डरमध्ये प्रत्यक्ष फायली. जुनं आणि नवं पॅकेज असं शेजारीशेजारी उघडून बघायची सवय प्रत्येक पॅकेज करणाऱ्याने लावून घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. पाठवण्याआधी.

आता तुमचा दुसरा भाग, काहींची टिकतात आणि काहींची नाही. ॲपडेटाचे इथे कामाचे दोन भाग आहेत, रोमिंग आणि लोकल. रोमिंग प्रोफाइल असलेला माणूस दुसऱ्या मशीनवर जाऊन बसला की पहिला भाग त्याच्याबरोबर जातो, दुसरा तिथेच राहतो. सॉफ्टवेअर आपली आयएनआय फाइल, म्हणजे सेटिंगची फाइल, स्वतःच्या प्रोग्राम फोल्डरमध्ये लिहिणारं असेल, आणि जुनी सॉफ्टवेअरं तशीच असतात, तर तिची प्रत लोकलमध्ये बनते. जो कर्मचारी रोज एकाच जागी बसतो त्याला काहीच कळत नाही. जो जागा बदलतो तो तक्रार करतो.

यातच आणखी एक मेख आहे. साध्या कर्मचाऱ्याला प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायचा हक्क नसतो, आणि बबलच्या आतही ॲप-व्ही ते बंधन पाळतं. त्यामुळे काही सॉफ्टवेअरांना आयएनआय लिहिताच येत नाही, आणि त्यातली निम्मी तसं सांगतही नाहीत, गपचूप गिळून टाकतात. सीक्वेन्सरमध्ये पॅकेज उघडल्यावर ॲडव्हान्स्ड टॅबवर व्हर्च्युअल फाइल सिस्टिमवर पूर्ण लिहिण्याची परवानगी देणारा चौकोन आहे. तो टिकमार्क केला की हे सुटतं. मात्र ईएक्सई, डीएलएल, बॅट अशा ठरावीक एक्स्टेन्शनच्या फायलींची प्रत व्हीएफएसमध्ये बनतच नाही. म्हणून ‘नवीन आवृत्ती उपलब्ध आहे, अपडेट करू का?’ असं विचारणारी सॉफ्टवेअरं बबलमध्ये अपडेट होऊ शकत नाहीत. कर्मचारी ‘हो’ म्हणतो, ते पडतं, दुसऱ्या दिवशी परत विचारतं. सीक्वेन्सिंगच्या वेळीच सॉफ्टवेअर एकदा उघडून ऑटो-अपडेट बंद करायचं, हा त्यावर एकच उपाय.

आणि कुणी सुचवलं की रिपेअर कमांड चालवून बघा, तर आधी हात आवरा. रिपेअर-ॲपव्हीक्लायंटपॅकेज ‘युजर स्टेट’सकट चालवली की वर सांगितलेल्या प्रती पुसल्या जातात. सॉफ्टवेअर नक्की सुधारतं, कारण ते कोरं होतं. सेटिंग गेली म्हणून रडणाऱ्याला हे औषध देऊ नये.

प्रश्न: मी आयटीतली नाही, साधी वापरकर्ती आहे. ऑफिसच्या लॅपटॉपवर एक ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर आहे. ऑफिसात उघडतं, घरी नेलं की उघडत नाही. आयटीवाले म्हणतात इंटरनेट बघा. इंटरनेट तर आहे!

उत्तर: ताई, तुमचं इंटरनेट निर्दोष आहे. व्हर्च्युअल सॉफ्टवेअर आख्खं लॅपटॉपवर उतरलेलं असतंच असं नाही. लागेल तेवढा भाग ते ऑफिसच्या सर्व्हरवरून ओढून घेतं आणि घरी त्या सर्व्हरपर्यंत पोचता येत नाही. तुमच्या आयटीवाल्यांना हे दाखवा: गेट-ॲपव्हीक्लायंटपॅकेजच्या यादीत ‘पर्सेंट लोडेड’ नावाची नोंद असते, ती १००च्या खाली असेल तर माउंट-ॲपव्हीक्लायंटपॅकेज चालवून ते पूर्ण उतरवून घ्यावं. आणि लॅपटॉपवर ‘शेअर्ड कंटेंट स्टोअर मोड’ चालू आहे का तेही बघावं. त्या मोडमध्ये पॅकेजचा मजकूर मशीनवर साठवला जात नाही. ऑफिसमधल्या सर्व्हरवर चालणाऱ्या डेस्कटॉपसाठी ती सोय आहे, बॅगेत घालून न्यायच्या यंत्रासाठी नाही. कुणीतरी सगळ्या मशीनना एकच पॉलिसी लावली असणार.

प्रश्न: आमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर मशीनवर नेहमीसारखं इन्स्टॉल केलेलं आहे. त्याला डेटाबेसशी बोलायला ओडीबीसी ड्रायव्हर लागतो, तो आम्ही वेगळ्या पॅकेजमध्ये दिला. पॅकेज पब्लिश झालंय, पण सॉफ्टवेअर म्हणतं ड्रायव्हर सापडत नाही. कंट्रोल पॅनेलमध्येही दिसत नाही.

उत्तर: दिसणारच नाही. ड्रायव्हरची नोंद पॅकेजच्या रजिस्ट्रीत आहे, म्हणजे आत. तुमचं सॉफ्टवेअर आणि कंट्रोल पॅनेल दोन्ही बाहेर. आतल्याला बाहेरचं बरंचसं दिसतं, बाहेरच्याला आतलं दिसत नाही. बबलचा मूळ हेतूच तो.

आधी ड्रायव्हर आत खरंच आहे का ते बघा. कमांड प्रॉम्प्ट उघडताना ‘ॲपव्हीव्हीई’ या स्विचला पॅकेज आयडी आणि व्हर्जन आयडी अंडरस्कोरने जोडून दिलेत की तो प्रॉम्प्ट बबलच्या आत उघडतो. किंवा स्टार्ट-ॲपव्हीव्हर्च्युअलप्रोसेस ही कमांड वापरा. तिथून ओडीबीसीची व्यवस्थापन खिडकी चालवा. इथे एक जुना गोंधळ आहे जो अजून कुणी मिटवलेला नाही: या खिडक्या दोन आहेत, ३२-बिट आणि ६४-बिट, आणि दोन्हींच्या फाइलच्या नावात ३२ आहे. ६४-बिटवाली सिस्टिम३२ फोल्डरमध्ये, ३२-बिटवाली सिसवॉव६४मध्ये. हो, उलटंच. सॉफ्टवेअर ३२-बिट असेल तर सिसवॉव६४मधली उघडा. तुमच्या पत्रावरून वाटतं की सॉफ्टवेअर जुनं आहे, तेव्हा बहुधा हीच.

ड्रायव्हर आत दिसला तर प्रश्न उरतो बाहेरच्या सॉफ्टवेअरला आत ढकलण्याचा. त्यासाठी ‘रन व्हर्च्युअल’ नावाची रजिस्ट्री की आहे. मशीनच्या रजिस्ट्रीत ॲप-व्ही क्लायंटच्या खाली ती की, तिच्या खाली तुमच्या सॉफ्टवेअरच्या ईएक्सईच्या नावाची की, आणि तिच्या डीफॉल्ट व्हॅल्यूत पुन्हा तीच जोडी, पॅकेज आयडी आणि व्हर्जन आयडी. पुढच्या वेळी ते सॉफ्टवेअर सुरू झालं की थेट बबलमध्ये सुरू होईल. पॅकेज अपडेट केलंत की व्हर्जन आयडी बदलतो, म्हणजे ही नोंदही बदलावी लागते. हे विसरलं जातं. अपडेटच्या चेकलिस्टमध्ये लिहूनच ठेवा.

हिशेबाचं सॉफ्टवेअरही पॅकेजमध्ये असतं तर ही कसरत लागली नसती. दोन पॅकेजांचा कनेक्शन ग्रुप केला की ती एकाच बबलमध्ये एकमेकांना दिसतात. जावाची जुनी आवृत्ती एका पॅकेजमध्ये आणि तिच्यावर चालणारी दोन-तीन सॉफ्टवेअरं वेगवेगळ्या पॅकेजमध्ये ठेवायची तर हीच पद्धत.

प्रश्न: अँटिव्हायरस आणि प्रिंटरचा ड्रायव्हरही पॅकेज करता येईल का? साहेबांचा आग्रह आहे की सगळंच व्हर्च्युअल हवं.

उत्तर: नाही. कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, चालणारे ड्रायव्हर आणि मशीन सुरू होतानाच सुरू व्हायला लागणाऱ्या सर्व्हिस बबलमध्ये चालत नाहीत. बबल उघडायला आधी विंडोज उठलेली लागते. साहेबांना हे एवढंच वाक्य सांगा.

प्रश्न: सीक्वेन्सिंगसाठी मी माझाच ऑफिसचा संगणक वापरतो. चालतं की. व्हर्च्युअल मशीनचा (संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकाचा) एवढा आग्रह का?

उत्तर: सीक्वेन्सर काय करतो, तर इन्स्टॉल सुरू होण्याआधी आणि नंतर मशीनमध्ये काय बदललं ते टिपतो. कुणी बदललं ते तो विचारत नाही. तुम्ही इन्स्टॉल करत असताना विंडोज अपडेटने एखादी फाइल उतरवली, सर्च इंडेक्सने काही लिहिलं, डिफेंडरने (विंडोजच्या अँटिव्हायरसने) व्हायरस ओळखायची यादी अद्ययावत केली, ते सगळं पॅकेजमध्ये. उलट त्रास आणखी वाईट. सॉफ्टवेअरला लागणारी एखादी व्हिज्युअल सी++ची लायब्ररी तुमच्या मशीनवर आधीपासून असेल तर इन्स्टॉलर ती टाकतच नाही, ती पॅकेजमध्ये येत नाही, आणि तुमच्या मशीनवर मस्त चालणारं पॅकेज दुसरीकडे उघडत नाही. तुम्ही ‘चालतं की’ म्हणता ते यामुळेच.

कोरी व्हर्च्युअल मशीन घ्या, विंडोजची आवृत्ती आणि बिट कर्मचाऱ्यांच्या मशीनसारखेच ठेवा, अपडेट, सर्च आणि डिफेंडर बंद करा, मग स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवा. प्रत्येक पॅकेजनंतर त्या स्नॅपशॉटवर परत. इन्स्टॉल झाल्यावर सॉफ्टवेअर एकदा उघडून बंद करा, परवान्याचा करार मान्य करून टाका, म्हणजे तो प्रत्येकाला दिसणार नाही. पण मशीनला बांधलेली ॲक्टिव्हेशन की इथे भरू नका. ती पॅकेजबरोबर सगळीकडे जाते, आणि परवान्याच्या अटी बबलमुळे बदलत नाहीत.

प्रश्न: ॲप-व्ही बंद होणार असं ऐकतो. आता नवीन सुरू करावं का, की एमएसआयएक्सकडे जावं?

उत्तर: बंद होण्याची बातमी सर्व्हरबद्दलची आहे. ॲप-व्हीच्या मॅनेजमेंट आणि पब्लिशिंग सर्व्हरचा विस्तारित आधार मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०२६ पर्यंतच ठेवला. क्लायंट हा विंडोजचाच भाग आहे. आणि सर्व्हर नसला तरी पॅकेजं वाटता येतात, कॉन्फिगरेशन मॅनेजर या मायक्रोसॉफ्टच्या मशीन सांभाळायच्या साधनातून किंवा साध्या पॉवरशेल स्क्रिप्टने. आजवरच्या उत्तरांत ज्या कमांड आल्या त्यातल्या एकीलाही सर्व्हर लागत नाही.

एमएसआयएक्स हा मायक्रोसॉफ्टचाच नवा पॅकेज प्रकार, २०१८ साली आला, कल्पना जवळजवळ तीच. फरक तुम्हाला पहिल्याच दिवशी जाणवेल तो सहीचा. एमएसआयएक्स पॅकेजवर डिजिटल सही लागते आणि त्या सर्टिफिकेटवर कर्मचाऱ्याच्या मशीनचा विश्वास असावा लागतो, नाहीतर ते उतरतच नाही. म्हणजे पॅकेज शिकण्याआधी सर्टिफिकेट कुठून आणायचं, कोण सांभाळणार, मुदत संपली की काय, हे ठरवावं लागतं. मोठ्या कार्यालयात याची सोय असते. एकट्यादुकट्या आयटीवाल्याकडे नसते.

माझा सल्ला विचाराल तर असा: नवी, नीट लिहिलेली सॉफ्टवेअरं एमएसआयएक्समध्ये करायला घ्या. हाताशी आधीच चालणारी ॲप-व्ही पॅकेजं असतील तर एमएसआयएक्स पॅकेजिंग टूलमध्ये त्यांचं रूपांतर करून बघता येतं, आणि सोपी पॅकेजं त्यातून पार होतात. स्वतःच्या प्रोग्राम फोल्डरमध्ये आयएनआय लिहिणारी ती जुनी खोडं मात्र तिथेही अडतात, त्यांना पॅकेज सपोर्ट फ्रेमवर्क या दुरुस्तीच्या साधनाची जोड द्यावी लागते. ती तूर्त ॲप-व्हीतच राहू द्या.

प्रश्न: सी ड्राइव्ह भरला म्हणून प्रोग्रामडेटामधलं ॲप-व्ही फोल्डर डिलीट करायला गेलो, काही गेलं, काही ‘परवानगी नाही’ म्हणून राहिलं. आता?

उत्तर: आता थांबा. उरलेलं जबरदस्तीने काढू नका. क्लायंटच्या नोंदीत पॅकेजं अजून आहेत आणि डिस्कवर अर्धवट आहेत, म्हणून प्रत्येकाचं सॉफ्टवेअर उघडताना पडेल. गेट-ॲपव्हीक्लायंटपॅकेजने यादी काढा. जे नको आहे ते आधी स्टॉप, मग अनपब्लिश, मग रिमूव्ह, याच क्रमाने. ग्लोबल पब्लिश केलेलं असेल तर अनपब्लिशलाही ‘ग्लोबल’ लावा. जे हवं आहे पण ज्याच्या फायली तुम्ही उडवल्यात तेही तसंच काढून परत ॲड आणि पब्लिश करा. कुणी सॉफ्टवेअर उघडं ठेवून जेवायला गेलं असेल तर ‘इन यूज’ दिसेल आणि काम अडून राहील, म्हणून हे संध्याकाळी, सगळे लॉग-ऑफ झाल्यावर करा.